काळी दोनचं कीर्तन

मार्गशीर्षातली गोष्ट. ग्वाल्हेरला त्या दिवसांत सकाळी दहा-दहापर्यंत धुकं हटत नाही. गजकाचा डबा द्यायला म्हणून बुवांकडे गेले होते. ते रजई पांघरून पलंगावर बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. चहा झाल्यावर त्यांनी उशाशी ठेवलेली लाल कापडी बांधणीची वही उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"चैत्रातलं नवरात्र यंदा तू कर."

मला वाटलं, व्यवस्थेचं म्हणताहेत. फुलं, समया, सुंठवडा हे सगळं आम्ही बायका दरवर्षी बघतोच. मी म्हटलं, "हो बुवा, करूच की सगळ्या मिळून."

"तसं नव्हे. गादीवर तू उभी राहा."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गोठीत, म्हणजे मोहल्ल्यात, आमचं जुनं राममंदिर आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या छावणीचंच पुढे लष्कर शहर झालं. त्या काळात आणि नंतर दक्षिणेतून आलेल्या मराठी घरांनी आपापले देव सोबत आणले. पाडव्यापासून अष्टमीपर्यंत रोज संध्याकाळी नारदीय कीर्तन आणि नवमीला दुपारी जन्माचं कीर्तन, हा आमच्या देवळाचा रिवाज. बुवांनी तो अडतीस वर्षं एकट्याने चालवला. त्यांच्यामागे मी वीस वर्षं झांज घेऊन बसले, धृपद धरलं, त्यांच्या चिठ्ठ्या स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्या. माझी जागा तेवढीच होती आणि मी त्या जागेवर सुखात होते.

मी वही परत त्यांच्या पलंगावर ठेवली. कारण सांगायची गरज नव्हती, ते त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण स्वरयंत्राकडे जाणारी नस त्या ग्रंथीला अगदी चिकटून जाते आणि ऑपरेशननंतर माझ्या एका बाजूची स्वरतंतू मंदावली. वर्षभर रोज व्यायाम केले, तेव्हा बोलणं परत आलं. गाणं आलं नाही. मध्यम सप्तकातल्या पंचमाच्या वर गेले की आवाज फाटतो, दोन चिरा पडल्यासारखा. शाळेत वर्गावर ओरडता येईना म्हणून मला वाचनालय सांभाळायला दिलं. घरात आरतीच्या वेळीही मी नुसते ओठ हलवत असे.

आणि गाव कोणतं, तर ग्वाल्हेर. हद्दू खाँ, हस्सू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित अशा थोर गवयांचं. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय निघालं ते इथेच. इथे भाजी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही गंधार उतरला की कळतो. दर डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी समाधीजवळ शहनाई होते, कीर्तनकार ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद म्हणजे मुसलमानी भक्तिपठण होतं, मग बाकीचं गाणं. अशा गावात फाटक्या गळ्याने देवापुढे उभं राहायचं? शिवाय माझं शिक्षण सगळं हिंदीतून. संस्कृत श्लोक म्हणताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, मराठी बोलताना मध्येच "मतलब" येतं.

बुवा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वही घेऊन जा. नाही म्हणायचं असेल तर ती वाचून झाल्यावर म्हण."

त्या रात्री मला गळ्याने छळलं नाही. छळलं ते वेगळ्याच प्रश्नाने. ही रामाची हाक आहे, की विश्वस्तांची सोय? पुण्या-नागपुराहून हरिदास बोलवायचे तर नऊ दिवसांची बिदागी, येण्या-जाण्याचं भाडं, राहण्याची व्यवस्था. देवळाच्या पेटीत तेवढं जमत नाही. गेल्या वर्षी बुवांना दम लागून मध्यंतरानंतर अर्धा तास बसावं लागलं, तेव्हापासून बैठकीत हा विषय निघत होता. जवळ आहे, फुकट आहे, वही वाचता येते, म्हणून ही. मला देवाने बोलावलं असं मी मनाशी म्हणायचं आणि खरं कारण हिशेबाच्या वहीत असायचं, हे मला सहन होईना. जाऊबाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण गोठभर चर्चा होईल. कशाला अंगावर घेतेस?" त्यांना माझी काळजी होती, म्हणूनच ते जास्त लागलं.

आठवड्याने मी बुवांना हे जसंच्या तसं विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विश्वस्तांना सोय हवी आहे, खरं आहे. मला ऐंशी पूर्ण झाली, मलाही सोय हवी आहे. रामालाही हवी असेल. त्याला काय, आम्हां सगळ्यांना वगळून वेगळ्याच आवाजात तुला हाक मारायला हवी होती का?"

माझं समाधान झालं असं नाही. पण नाही म्हणायला जे कारण मी धरून बसले होते, ते हातातून सुटलं.

मग शिकणं सुरू झालं. वीस वर्षं मागे बसून मला वाटायचं, कीर्तनाचा आराखडा पाठ आहे. नमन, मूळपद, पूर्वरंगातलं निरूपण, मध्यंतरी नामाचा गजर, बुक्का, हार, मग उत्तररंगातलं आख्यान, शेवटी पुन्हा मूळपदावर येऊन आरती. सगळं बरोबर. पण उभं राहून एका हातात चिपळ्या, डोळे श्रोत्यांवर, मनात पुढचं पद, कानात ठेका, हे सगळं एकदम करायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी मला नमनसुद्धा पुरं करता आलं नाही. दीड तास उभं राहण्याची सवय नव्हती. रोज स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटताना पूर्वरंग म्हणायचे. यांना जेवताना निरूपण ऐकावं लागे आणि ते बिचारे ऐकतही.

आवाजाचं काम पेटीवाल्या काकांनी हातात घेतलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने काळी चार धरली, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज मानून, बायका गातात ती. माझा आवाज दुसऱ्याच ओळीला फाटला. त्यांनी काही न बोलता काळी तीन धरली. मग काळी दोन. पुरुष गातात ती पट्टी. तिथे माझा गळा पहिल्यांदा स्थिर राहिला, जाड, घोगरा, पण स्थिर. काकांनी भात्यावरचा हात थांबवला आणि म्हणाले, "हे तुमचं घर. आता इथून बाहेर जायचं नाही."

मग त्यांनीच वही चाळून आणखी एक गोष्ट दाखवली. साकी, दिंडी, ओवी हे कीर्तनात गायचे छंद. बुवांच्या आख्यानांत साक्या पुष्कळ. साकीच्या ओळीत सोळा मात्रांनंतर थांबा येतो, मग बारा. सोळा मात्रांना माझा श्वास पुरत नव्हता. दिंडीत नऊ मात्रांवरच थांबा मिळतो, नंतरच्या दहा. काका म्हणाले, "दिंड्या घ्या. ओव्या घ्या. साक्या सोडा." बुवांना विचारायला मी घाबरत होते, त्या साक्या त्यांच्या गुरूंकडून आलेल्या. त्यांनी वही मागितली, पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने साक्यांवर आडवी रेघ मारली. एकेका पानावर, सावकाश. मला ते बघवलं नाही, मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

मूळपद मीच निवडलं. तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग आहे, त्यात ते आपलं सगळं सांगतात. दुष्काळात धंदा बुडाला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. आणि मग: 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥' पुढे म्हणतात, संतांची काही वचनं विश्वासाने, आदराने पाठ केली, आणि जे पुढे उभं राहून गात त्यांचं धृपद मागून धरलं. मी ही ओळ कितीदा ऐकली असेल. पण त्या पौषात ती माझ्या डोळ्यांपुढे वेगळीच उभी राहिली. तुकोबांनी तयारी पुरी करून मग एकादशीला कीर्तन केलं असं म्हटलेलं नाही. आधी आरंभ आहे, अभ्यास नव्हता हे नंतरच्या चरणात आहे आणि पाठांतर त्याच्याही नंतर. ज्यांचे अभंग म्हणून आपण कीर्तनं करतो, ते स्वतः कुणाच्या तरी मागे धृपद धरून उभे होते. वीस वर्षं मी जिथे बसले होते, तिथे.

तरीही फाल्गुनात मी मोडले. होळीनंतर थंडी-ताप आला, घसा बसला तो बसलाच. पाडव्याला नऊ दिवस राहिले होते. वही परत द्यायची असं ठरवून मी दुपारी निघाले, पण बुवा झोपले होते म्हणून देवळात जाऊन बसले. दुपारी देऊळ रिकामं असतं. गाभाऱ्याचं दार लावलेलं, जाळीतून राम-लक्ष्मण-सीता दिसतात तेवढेच. बाहेर गुरवाची सून चिंच लावून समया घासत होती. पितळेवरचा काळा थर एका बाजूने निघत होता आणि खालचं पिवळं दिसत होतं. ती एका समईवर बराच वेळ होती. घासायची, पाणी टाकायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा घासायची.

मी रामाला म्हणत होते तेच म्हणायला लागले, चार महिने रोज म्हणत होते ते. रामा, आवाज दे. एवढे नऊ दिवस दे, मग परत घे. म्हणता म्हणता मला एकदम जाणवलं की चार महिन्यांत मी त्याच्याकडे दुसरं काहीच मागितलेलं नाही. काय सांगू, हे एकदाही विचारलं नव्हतं. समोर कोण बसणार आहेत, त्यांना काय हवं आहे, हे मनात आलंच नव्हतं. सहाव्या खांबाशी बसणाऱ्या काकू, ज्यांचा मुलगा करोनात गेला आणि ज्या तेव्हापासून कुणाशी फारसं बोलत नाहीत. नोएडाहून सुट्टीला येणारी नातवंडं, ज्यांना मराठी अर्धवट कळतं. पंजाबी, बुंदेली घरांतून आलेल्या आमच्या सुना. चार महिने मी फक्त माझ्या गळ्याबद्दल बोलत होते. त्याला मी सेवा समजत होते.

मला रडू आलं. त्यात लाज होती, पण मोकळेपणाही होता, हे खोटं सांगत नाही. मी मोठ्याने म्हटलं, "रामा, काय सांगू ते सांग." घसा बसलेलाच होता, शब्द नीट उमटलेही नाहीत. वही परत न देता घरी आले आणि त्या रात्री पहिल्या दिवसाचं आख्यान बदललं. सीतास्वयंवर काढलं आणि वाल्या कोळी घेतला. ज्याच्या तोंडातून राम येईना आणि जो 'मरा मरा' म्हणत बसला, तो. आख्यानातला संवाद हिंदीत आणि मराठीत, दोन्हीत बांधला. बुवांना हे पसंत नव्हतं. ते म्हणत, कीर्तनाची भाषा सांभाळली पाहिजे. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं आणि तरी मी दोन्ही भाषा घेते, कारण समोर बसलेल्या सुनेला कळलं नाही तर तिचा मुलगा पुढच्या वर्षी येणार नाही.

पाडव्याला सव्वासातला गादीवर उभी राहिले. गळ्यात हार पडला आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठी माणसं पायाला हात लावायला वाकली. गादी नारदाची, हे नारदाला असतं, आपल्याला नाही, हे बुवांनी पढवलं होतं, पण पाय आक्रसले. पूर्वरंग ठीक गेला. उत्तररंगात तिसऱ्या दिंडीला आवाज फाटला. ज्याची भीती चार महिने बाळगली ते सगळ्यांच्या देखत झालं. मी थांबले. तबला चालू होता. ती दिंडी मी गायले नाही, सावकाश बोलून सांगितली, ठेक्यावर. पुढचीही तशीच. वाल्याला 'राम' म्हणता येत नाही त्याच जागी हे घडलं, पण मी तसं काही ठरवलेलं नव्हतं आणि त्याचा अर्थही मी लावत बसत नाही. आरतीनंतर कुणी काही बोललं नाही. सहाव्या खांबाजवळच्या काकू तबक घेऊन आल्या, मला बुक्का लावला आणि "उद्या कोणतं आख्यान?" एवढं विचारून गेल्या.

दुसरा, तिसरा दिवस बरा गेला. चौथ्या दिवशी केवट, रामाला गंगेपार नेणारा नावाडी, घेतला आणि तो रंगला. तुलसीदासांच्या रामचरितमानसातल्या चौपाया इकडे सगळ्यांनाच येतात, हिंदी-मराठी सगळी सभा एक झाली. लोकांनी कौतुक केलं, कुणीतरी रेकॉर्ड केलेलं फोनवर फिरवलं. मी घरी येऊन ते तीनदा ऐकलं. पाचव्या दिवशी शबरी होती आणि ती पडली, पूर्ण पडली. एकही शब्द चुकला नाही, आवाज फाटला नाही, पण मी बोलत होते ती कालच्या कौतुकाशी. शबरी बोरं देत होती आणि मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. बुवांच्या मुलीने फोन चालू ठेवला होता, ते घरून ऐकत होते. रात्री त्यांनी फक्त विचारलं, "आज घाई होती का?"

नवमीचं सांगायचं म्हणूनच खरं तर हे लिहायला बसले. जन्माच्या कीर्तनात घड्याळ सांभाळावं लागतं. बरोबर बारा वाजता जन्म, त्याच क्षणी पाळण्याची दोरी, गुलाल, घंटा. साडेदहाला उभं राहायचं आणि आख्यान असं बांधायचं की दशरथाचा यज्ञ, पायसाचे वाटे, डोहाळे हे सगळं बाराला चार-दोन क्षण असताना संपावं. बुवांचं ते अचूक असे, लोक त्यांच्या शब्दावर घड्याळ लावत. मी दहा वेळा घरी वेळ लावून बघितली होती. पण उभं राहिल्यावर बोलणं जलद झालं असावं. डोहाळे संपले, शेवटची ओवी संपली, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराला सात मिनिटं होती.

वहीत काही उरलं नव्हतं. आठ दिवसांच्या कीर्तनांनी गळाही उरला नव्हता. सात मिनिटं म्हणजे किती मोठी असतात, हे गादीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी काकांकडे बघितलं, त्यांनी नुसता काळी दोनचा षड्ज धरून ठेवला. मी म्हटलं, "श्रीराम जय राम जय जय राम." बोलल्यासारखंच, खालच्या स्वरात. देवळाने ते उचललं. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला माझा आवाज मलाच ऐकू येईना, इतका तो सगळ्यांच्या आवाजात बुडला होता. पुरुष खालून, बायका वरून, पोरं कशीही. मी चिपळ्या वाजवत होते आणि मग लक्षात आलं की त्याही थांबल्या आहेत. मी नुसती उभी होते. बाहेर चैत्राचं ऊन पेटलेलं, सभामंडपाच्या पत्र्यावरून झळा येत होत्या, आणि आत तेरा अक्षरं फिरत होती. माझ्यावाचून चालली होती. आयुष्यात मला इतकं निश्चिंत कधी वाटलेलं नाही. सात मिनिटं मी रामापुढे रिकाम्या हातांनी उभी होते आणि त्याला माझ्याकडून तेवढंच हवं होतं, असं मला त्या वेळी वाटलं. आजही वाटतं.

बाराचा ठोका पडला, घंटा वाजल्या, कुणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल टाकला. सुंठवडा आणि पंजिरी, दोन्ही तबकं फिरली. ग्वाल्हेरला आमच्याकडे दोन्ही लागतात.

संध्याकाळी बुवांकडे गेले, पायावर डोकं ठेवलं आणि सात मिनिटांचं सांगितलं. ते हसले. "एका वर्षी मी अकरा मिनिटं उशिरा पोचलो होतो," म्हणाले. "गुरव घंटेची दोरी धरून घामाने भिजला होता बिचारा." मग वही उघडायला लावली आणि नऊ दिवसांच्या चुका एकेक करून सांगितल्या. बावीस होत्या. दोन श्लोकांतले ऱ्हस्व-दीर्घ, एका ठिकाणी सुमित्रेच्या वाट्याच्या पायसाचा घोळ, केवटाच्या आख्यानात मूळपदावर परत यायचंच राहिलं होतं. मी सगळ्या लिहून घेतल्या.

त्यानंतर दर एकादशीला देवळात कीर्तन असतं. आवाज आहे तसाच आहे, पंचमाच्या वर अजूनही फाटतो. उभं राहण्याआधी पोटात गोळा येतो तोही तसाच येतो. बिदागीचं तबक मी देवळाच्या पेटीत रिकामं करते, हे मी आणि यांनी ठरवलं आहे.

परवा एकादशी आहे. उत्तररंगाला पुन्हा शबरी घेतली आहे, त्या पाचव्या दिवसाचं मनात राहून गेलंय. चार दिंड्या बांधून झाल्या, पाचवीत नवव्या मात्रेला शब्द तुटतो आहे. उद्या सकाळी काका पेटी घेऊन येतील तेव्हा बघू.